विमानांचं ग्रहण

सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीत शोभाबाईंना सगळे वचकून असत. भंगारवाला त्यांच्या दारासमोर आला की भोंगा बंद करी. लूमच्या कारखान्याचे शेठ मोपेडवरून जाताना त्यांना पाहून उगाचच थांबत आणि तब्येतीची चौकशी करून पुढे जात. मी त्यांच्या शेजारच्या घरात राहते, महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकवते, आणि एवढी मास्तरीण असूनही शोभाबाईंशी वाद घालायची वेळ आली की आधी घोटभर पाणी पिऊन घेते. अशी ही बाई गेल्या वर्षीच्या मे महिन्यात एका आवाजाला इतकी घाबरली, की त्या भीतीपायी तिच्याच घरातला एक जीव टांगणीला लागला.

त्या मूळच्या पारोळ्याकडच्या. लग्न होऊन सुरतेला आल्या ते थेट लूमच्या खटखटाटात. नवरा, सुपडूभाऊ, मागावर कामाला. सुपडूभाऊंच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून ते जन्मले तेव्हा त्यांना सुपात घालून ओढलं आणि नावच सुपडू ठेवलं. खानदेशात अशी नावं पुष्कळ. पण मला नेहमी वाटतं, मूल हातचं जाण्याची भीती त्या घरात अशी नाव होऊनच बसली होती. जन्मभर मागाशेजारी उभं राहून सुपडूभाऊंचे कान गेले. आता ते ओट्यावर बसून असतात. त्यांच्याशी बोलायचं तर समोर जाऊन ओठ हलवायचे. कारखान्यातली सगळी माणसं तशीच बोलतात, त्यामुळे ते एकटे पडलेले नाहीत.

मुलगा प्रशांत एम्ब्रॉयडरीच्या मशिनवर असतो. सकाळी जातो, अंधार पडल्यावर येतो. त्याची बायको मयुरी शेजारच्या उधन्यात वाढलेली, सातवीपर्यंत माझ्याच हाताखाली शिकलेली. अजून मला बाई म्हणते, आणि मी काही विचारलं की शाळेतल्यासारखे तिचे हात आधी पाठीमागे जातात. ती घरी बसून अस्तर फाडायचं काम करते. शेठचा माणूस अस्तराचे ताके टाकून जातो. कातरीनं काठाला टोच मारायची, दोन्ही हातांनी धरायचं आणि फर्रकन फाडत न्यायचं. कापड सरळ धाग्यात फाटतं, कातरीपेक्षा सरळ. आमच्या दोन घरांमधली भिंत एका विटेची, त्यामुळे तो फर्र-फर्र आवाज मला दिवसभर ऐकू येतो. तो बंद झाला की चुकल्यासारखं वाटतं.

त्याच्या दीड वर्ष आधीची कोजागिरी मला विसरता येत नाही. त्या रात्री चंद्रग्रहण होतं. मयुरीला पाचवा महिना लागलेला. शोभाबाई माहेरी गेल्या होत्या. दिवाळीचा माल अडला होता, शेठचा माणूस दारात येऊन उभा, म्हणून ही पोर ग्रहणाचे वेध लागल्यावरही अस्तर फाडत बसली. आठ-दहा दिवसांत ते मूल गेलं. डॉक्टरांनी कारण सांगितलं, कागदावर लिहूनही दिलं. शोभाबाईंनी ते ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. मयुरीला मात्र त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. मलाच म्हणाल्या होत्या, मी घरी असते तर तिला कातरीला हात लावू दिला नसता. म्हणजे दोष त्यांनी स्वतःकडे घेतला होता. आणि दीड वर्ष तो उराशी धरून बसल्या होत्या.

मे महिन्यात मयुरीला सातवा लागला होता. सगळं नीट चाललं होतं. तेवढ्यात सीमेवर तणाव वाढल्याच्या बातम्या सुरू झाल्या, मोबाईलवर खऱ्याखोट्याचा नुसता पूर आला आणि गल्लीतल्या बायका दळणाच्या रांगेत युद्धाबद्दल बोलू लागल्या.

पहिलं विमान आलं ते दुपारी. मला सुट्टी लागली होती, मी ओट्यावर मिरच्या निवडत होते. शोभाबाई समोर, मयुरी त्यांच्या दारात बसून अस्तर फाडत होती. प्रवासी विमानांची आम्हाला सवय आहे. ती लांबून घुमत येतात, डोक्यावरून घुमत जातात, कुणी मान वर करत नाही. हे तसं आलंच नाही. आधी काही नव्हतं. मग एक बारीक, दातात कळ जावी तशी शीळ, तीही क्षणभरच. आणि लगेच डोक्यावर कुणीतरी आख्खा ताका एका दमात फाडला. फाडतानाच तडतडत होता तो आवाज, अडखळत, फटफटत, आणि त्याखाली जमीन घुमत होती. माझ्या हातातली परात थरथरली. मी आवाजाकडे पाहिलं तर आभाळात काहीच नव्हतं. त्या रिकाम्या आभाळाचीच मला जास्त भीती वाटली.

शोभाबाई उभ्या राहिल्या होत्या. त्या आभाळाकडे बघत नव्हत्या, मयुरीच्या हातांकडे बघत होत्या. मयुरीच्या हातात अर्धं फाटलेलं अस्तर तसंच होतं.

"हातमानं ठेवी दे," त्या म्हणाल्या. हातातलं ठेव. आणि मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, "आभाय फाटनं व मास्तरीनबाई."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शहरभर मॉक ड्रिल होती. भोंगा वाजला की दिवे बंद करायचे, खिडक्या झाकायच्या, असं सगळीकडे सांगितलं होतं. नुसता सराव आहे हे मला माहीत होतं. तरी भोंगा वाजला, एकेक घर विझत गेलं, समोरचे लूम बंद पडले आणि गल्लीत एवढी शांतता झाली, की मी सरकत भिंतीपाशी गेले. लिंबायतमध्ये शांतता ऐकायची कुणाला सवय नाही. मी भिंतीला टेकून बसले होते. भिंतीपलीकडून शोभाबाईंचं देवाचं नाव घेणं ऐकू येत होतं.

दिवे आल्यावर मी त्यांच्याकडे गेले. मयुरी आतल्या खोलीत सतरंजीवर सरळ, पाय लांब करून निजलेली. खिडकीला गोधडी ठोकलेली. माठात तुळशीचं पान, लोणच्याच्या बरणीवर दर्भाची काडी. ग्रहणात करतात ते सगळं केलेलं होतं.

"शोभाबाई, हे काय? पंचांग बघितलंत का? आज ग्रहण कुठलं?" मी चेष्टेनं म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. "समद्या गावले अंधार कराले लावस, आभाय फाडस, त्याले काय म्हनशात तुम्ही? गरनच शे हाई."

मला हसू आलं होतं ते तिथंच राहिलं. त्यांच्या जागी मी असते तर, असा विचार करायची माझी पद्धत नाही, पण त्या दिवशी तो आला. त्यांनी एक नातवंड गमावलेलं होतं आणि त्याचं कारण त्यांच्या मते फाटण्याचा आवाज हेच होतं. आता तोच आवाज आभाळातून येत होता आणि तो बंद करायला त्यांच्याकडे दुसरं काय होतं? मी घरी आले. एकच संध्याकाळ आहे, उद्या निवळेल, असं वाटलं.

ते निवळलं नाही. विमानं पुन्हा आली. कुठून कुठे जात होती, कशाला जात होती, देव जाणे. कधी सकाळी पोहे फोडणीला टाकताना, कधी भर दुपारी, एखाद्या दिवशी मुळीच नाही. तो न येण्याचा दिवस सर्वांत वाईट जाई, कारण आम्ही सगळे कान टवकारून बसलेले असू. कुणी शेजारी फटकन चादर झटकली तरी मी हातातलं टाकून वर बघे. ग्रहणाचं बरं असतं, सुटण्याची वेळ पंचांगात छापलेली असते. ग्रहण सुटलं की आंघोळ करावी, घर धुवावं, नवं पाणी भरावं, मोकळं व्हावं.

"गरनले येळ ऱ्हास," शोभाबाई म्हणत. "याले काय येळ शे?"

वेळच नाही म्हणून त्यांनी ग्रहण सोडवलंच नाही. मयुरीला आतल्या खोलीतून बाहेर येऊ द्यायच्या नाहीत. अस्तराचे ताके शेठला परत पाठवले. विळी, कातर, सुई सगळं पत्र्याच्या पेटीत गेलं. भाजी त्या हातानं मोडून टाकत. विमान येऊन गेलं की शिजवलेलं अन्न गाईला आणि माठातलं पाणी मोरीत. पहिले काही दिवस तुळशीच्या पानानं पाणी वाचत होतं. पण चार दिवसांत कुंडीतली तुळस बोडकी झाली, मग पाणी ओतूनच द्यायला लागले. आमच्याकडे नळ येतो सकाळी, तोही थोडा वेळ. एकदा माठ रिकामा झाला की दुसऱ्या दिवसापर्यंत घरात घागरभर पाणी. त्यातलं सासूनं प्यावं, सासऱ्यानं प्यावं, का आपण, असा विचार करणारी मयुरी. वर पत्रा, खिडकीला गोधडी, आणि सुरतेचा मे महिना. मी सगळं पाहत होते आणि मला राग येत होता, पण तो राग मी कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

प्रशांतला मी रस्त्यात गाठलं. तो म्हणाला, "बाई, आई रडते. मी कधी तिला रडताना पाहिली नव्हती. थोडे दिवस करू द्या तिला काय करायचं ते." तो स्वतःही रडवेला झाला होता.

मग काशिनाथभाऊ आले. सुपडूभाऊंचे हे चुलतभाऊ हवाई दलात इंजिनांच्या देखभालीवर होते, आता पलसाण्याला एका डाइंग मिलमध्ये बॉयलर सांभाळतात. मीच प्रशांतला सांगून त्यांना बोलावून घेतलं होतं. म्हटलं, ज्यानं जन्म त्या इंजिनांत काढला त्यानं समजावलं तर पटेल. ही माझी हुशारी.

ते ओट्यावर बसले. शोभाबाई दाराच्या आत, अर्ध्या उंबऱ्यावर. मी समोर.

"वहिनी, हे बघा," ते म्हणाले, "प्रवासी विमानाचं इंजिन तोंडाला मोठं असतं. मधून गरम वाफारा निघतो आणि त्याच्या भोवती पंख्याची थंड हवा निघते, हळू. गरम भांड्याला फडकं गुंडाळावं तसं. म्हणून ते नुसतं घुमतं. लढाऊ विमानाला ती चैन नाही. त्याचं इंजिन बारीक, सगळा वाफारा एका अरुंद नळीतून मागे सुटतो, भयंकर वेगानं. बाहेरची हवा उभी असते जागच्या जागी. त्या उभ्या हवेत हा घुसतो. तिथं जी खेचाखेच होते ना, तोच तो आवाज."

"आणि तडतड कसली?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"वाफारा एकसारखा नाही निघत. धक्के बसतात हवेला, एकावर एक, आणि इतके जोराचे की त्यांना धारच येते. कान ते तडतड म्हणून ऐकतो."

"ते येतं तेव्हा आधी काहीच का ऐकू येत नाही?"

"येतं ना. पुढच्या पात्यांची बारीक शीळ येते. पण ते स्वतःच आपल्या आवाजाच्या पाठोपाठ पळत असतं, त्यामुळे शीळ आणि विमान जवळजवळ एकदमच पोचतात. खरा गडगडाट मागच्या नळीचा. तिचं तोंड मागे, म्हणून विमान डोक्यावरून गेलं की मग ती आपल्याकडे तोंड करते. आणि आवाजाला खाली यायला वेळ लागतो. तोवर विमान कोसभर पुढे गेलेलं. तुम्ही आवाजाकडे बघता म्हणून आभाळ रिकामं दिसतं. बघायचं असेल तर आवाजाच्या बरंच पुढे बघा." ते थांबले. "भीती मलाही वाटायची, वहिनी. नोकरीभर वाटली. कानात बोळे, वर हेडफोन, तरी तो घुमारा छातीत शिरायचाच. बारीक आवाज भिंतीनं, कापसानं अडतो. जाड आवाज अडत नाही. सुपडूला विचारा."

सुपडूभाऊंनी त्यांच्या ओठांवरून नाव ओळखलं असावं. त्यांनी छातीवर तळवा ठेवला आणि मान हलवली. शीळ नाही, तडतड नाही, त्या बहिऱ्या माणसाला विमान फक्त तिथं कळत होतं.

एवढं सांगून काशिनाथभाऊंनी खिशातला रुमाल काढला. "हळू फाडला तर कसा वाजतो, आणि झटक्यात फाडला तर कसा, ऐका. अगदी तसंच आहे ते." त्यांनी काठ दातात धरला. शोभाबाई उठल्या, त्यांच्या हातातून रुमाल ओढून घेतला आणि घडी करून स्वतःच्या कमरेला खोचला.

"म्हंजे फाडसच ना?" त्या म्हणाल्या. म्हणजे फाडतंच ना.

काशिनाथभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी सांगितलेलं सगळं शोभाबाईंनी नीट ऐकलं होतं, आणि त्यातून त्यांच्या हाती एवढंच लागलं होतं, की आपण म्हणत होतो ते खरं आहे, हवा फाटते, आणि तो घुमारा भिंतीला जुमानत नाही, सरळ शरीरात शिरतो. आता त्याला सरकारी नोकरीतल्या माणसाची साक्षही मिळाली होती. त्या दिवशी त्यांनी मयुरीच्या पोटावर गोधडीची दुहेरी घडी टाकली. पोर घामानं निथळत होती.

त्यानंतरचा दुसरा दिवस. सकाळी विमान येऊन गेलं, माठ रिकामा झाला. दुपारी शोभाबाई शेजारच्या गल्लीत तुळस मागायला गेल्या, तेव्हा भिंतीवर टकटक झाली. मयुरी शाळेत असताना बाकावर करायची तशीच. मी गेले.

ती कुशीवर पडली होती. ओठांना पापुद्रे आलेले. "बाई," ती म्हणाली, "काल रात्रीपासून हलत नाहीये."

"कोण?" मी विचारलं. इतका मूर्ख प्रश्न मी आयुष्यात विचारला नसेल.

"रोज दुपारी लाथा मारतं. आज काहीच नाही. आईंना नका सांगू. त्या मरून जातील."

मी तिच्या पोटावर हात ठेवला. घट्ट होतं, गरम होतं, आणि गप्प होतं. मी माझ्या घरी धावले, तांब्याभर पाणी आणि साखर घेऊन परत आले, तर दारात शोभाबाई. हातात तुळशीची चार पानं.

त्यांनी तांब्या पाहिला. माझं तोंड पाहिलं. त्यांना काही सांगायची गरज पडली नाही.

मी मात्र सांगितलं. सगळा साठलेला राग बाहेर आला. म्हटलं, "शोभाबाई, तिला पाणी नाही, वारा नाही, चार दिवस पोटभर अन्न नाही. विमानानं काही केलेलं नाही तिला. आता मी तिला दवाखान्यात नेणार आहे, उघड्या आभाळाखालून, आणि तुम्ही आडव्या आलात तर मी तुम्हाला ढकलून नेईन."

त्या आडव्या आल्या नाहीत. भिंतीला धरून हळूहळू खाली बसल्या. मग सरपटतच मयुरीजवळ गेल्या, तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि माझ्या हातातला तांब्या घेतला. ते पाणी सकाळच्या विमानाच्या आधीचं होतं, माझ्या घरातलं, न ओतलेलं. त्यांना ते ठाऊक होतं. त्यांनी त्यात तुळस टाकली नाही.

"पानी पे व माय," त्या म्हणाल्या. "समदं पे."

रिक्षा मी आणली. मयुरी मध्ये, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला शोभाबाई. सुपडूभाऊ ओट्यावर उभे राहून बघत होते, त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. गल्ली, मग बाजार, मग भाजीच्या गाड्यांची गर्दी. रिक्षावाला ओरडून वाट मागत होता. मयुरी डोळे मिटून होती आणि तिचे ओठ पुटपुटत होते. माझा हात तिच्या पोटावर होता. मी काही हलतंय का याची वाट बघत होते आणि रिक्षाच्या प्रत्येक धक्क्याला मला वाटे, हललं. ते नुसतं रिक्षाचं हलणं होतं. मला त्या वेळी खात्री वाटत होती की आम्ही उशीर केला. हे मी कुणाला बोलले नाही, पण वाटत होतं.

सिग्नलला रिक्षा थांबली. तिथं झाड नाही, पूल नाही, वर नुसतं आभाळ. आणि ती शीळ आली.

शोभाबाईंनी मला बाजूला लोटलं आणि मयुरीवर आडव्या पडल्या. गोधडी घरी राहिली होती, म्हणून स्वतःच गोधडी झाल्या. गाल पोटावर दाबलेला, दोन्ही हात कुशीभोवती. वरून ते फाटत गेलं. रस्त्यावरच्या लोकांनी माना वर केल्या, सगळ्यांनी चुकीच्या जागी पाहिलं. मग तडतड पुढे निघून गेली आणि मागे तो जाड घुमारा राहिला. तो रिक्षाच्या पत्र्यातून आला, बाकातून आला, माझ्या बरगड्यांतून गेला. मी डोळे मिटले. मला वाटलं, आता संपलं सगळं.

"हालनं," शोभाबाई म्हणाल्या.

त्यांचा गाल अजून तिथंच होता. मयुरीचे डोळे उघडले. तिनं श्वास रोखून धरला होता. मग तिच्या कुर्त्याखाली, शोभाबाईंच्या कानाजवळ, एक टेंगूळ उठलं आणि सरकलं. मी ते पाहिलं. आतून कुणीतरी दचकून पाय झाडला होता.

"हालनं व मयुरी. हालनं."

घुमारा विरला. पोट पुन्हा गप्प झालं. सिग्नल सुटला, रिक्षा निघाली. शोभाबाईंनी डोकं उचललं नाही. एवढ्याशा आवाजात त्या पोटाशीच बोलत होत्या, आणि काय बोलत होत्या ते मी वाकले तेव्हा मला नीट ऐकू आलं.

"अजून एक येवू दे," त्या म्हणत होत्या. "देवा, अजून एक इमान येवू दे."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी यंत्र लावलं. खोलीभर टपटप टपटप आवाज भरला, लूमसारखा, पण घाईघाईनं चालणारा. त्यांनी सलाईन लावलं. अंगातलं पाणी फार कमी झालं की बाळ असं मलूल होतं, अजून दिवसभर गेला असता तर सांगता आलं नसतं, असं म्हणाल्या. एवढ्या दिवसांचं बाळ ऐकतं, मोठ्या घुमणाऱ्या आवाजाला दचकतं, हेही म्हणाल्या. शोभाबाई सगळं उभ्यानं ऐकत होत्या. डॉक्टरीणबाई गेल्यावर त्या खिडकीशी गेल्या आणि बराच वेळ आभाळाकडे पाहत राहिल्या.

"मास्तरीनबाई, ते परत कव्हय येई?" त्यांनी मला विचारलं. मला काय ठाऊक, ते परत कधी येणार ते.

त्या दिवसांत ते पुन्हा आलं नाही. बातम्या निवळल्या, शाळा सुरू झाली. मयुरी आतल्या खोलीतून बाहेर आली, खिडकीवरची गोधडी निघाली. पण अस्तराचे ताके शोभाबाईंनी घरात येऊ दिले नाहीत, पेटीतली कातरही तशीच राहिली. तेवढं ग्रहण बाळंतपणापर्यंत राहू द्या, म्हणाल्या. मी वाद घातला नाही. भिंतीपलीकडचा आवाज नव्हता, तो नसल्याची मला सवय होत होती. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटत होतं. फाटण्याच्या आवाजाचा मीही धसका घेतला होता.

जुलै संपता संपता मयुरीला दवाखान्यात नेलं. शोभाबाई तिच्याबरोबर गेल्या. रात्र गेली, काही निरोप नाही. फोन लावला तर प्रशांतचा बंद. सकाळी मी शाळेची तयारी करत होते, डबा भरताना पोळी खाली पडली. सुपडूभाऊ ओट्यावर बसले होते. त्यांना विचारायचं तर त्यांना तरी काय माहीत.

तेवढ्यात फर्रकन आवाज आला.

मी दारात धावले आणि वर पाहिलं, आवाजाच्या पुढे, काशिनाथभाऊंनी सांगितलं होतं तसं. वर काहीच नव्हतं. ढग होते. पुन्हा फर्र झालं, आणि पुन्हा. आवाज वरून येत नव्हता, भिंतीपलीकडून येत होता.

शोभाबाई परत आल्या होत्या. जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या, पेटी उघडी, कातर शेजारी, मांडीवर सुपडूभाऊंचं जुनं धोतर, धुऊन धुऊन मऊ झालेलं. टोच मारत होत्या आणि फाडत होत्या. एक दुपटं, दुसरं दुपटं, लंगोटांचे चौकोन. बाळ जन्माच्या आधी त्याच्यासाठी काही फाडून ठेवायचं नाही, अशी त्यांच्यात पद्धत आहे, त्यामुळे सगळं आताच करायचं होतं. त्यांचे डोळे सुजलेले होते आणि हात भराभर चालत होते.

"नात व्हयनी," मला पाहून त्या म्हणाल्या. "बसा, जरा काठ धरा."

मी बसले आणि दुसरा काठ धरला.